गव्हाची जागा कशानं भरली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ३६ वर्षांची. माहेर इंदूरचं, लग्नानंतर पुण्यात. चार वर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन साडेसातच्या वर सरकत नव्हतं. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण टाकून आतड्याचा तुकडा तपासला आणि सिलिअॅक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याच्या अस्तराला इजा होण्याचा आजार. गहू बंद करून चौदा महिने झाले. हिमोग्लोबिन ११.६ झालंय, वजन चार किलो वाढलंय. टीटीजी (सिलिअॅकमध्ये रक्तात वाढणारी प्रतिद्रव्यं) खूप उतरलंय, पण अजून नॉर्मलच्या किंचित वर आहे. सगळं सुरळीत चाललं असताना गेले पाच महिने संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि दोन-दोन दिवस साफ होत नाही. ग्लुटेनमुक्त आहारानं आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, असं वाचनात आलं. म्हणजे एक दुखणं घालवताना मी दुसरं घरात घेतलं का? नणंद म्हणते, शौचाच्या नमुन्यातल्या जिवाणूंची तपासणी कर (दहा हजार रुपये) आणि प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, कॅप्सूल सुरू कर (महिन्याला अडीच हजार). सासूबाई मूळच्या बार्शीच्या. त्या म्हणतात, आठवड्यातून एक पोळी खात जा, पोटाला सवय राहील. नवरा म्हणतो, पाडव्यापासून सगळं घरच ग्लुटेनमुक्त करू. पण मग त्याचे आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलीचे जिवाणूही बिघडतील का? पूर्वी मी दिवसाला चार पोळ्या खायचे. आता सकाळी पोहे किंवा पाकिटातला ग्लुटेनमुक्त ब्रेड, दोन्ही वेळा वरणभात किंवा तांदळाची धिरडी (पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणते), मधल्या वेळी ग्लुटेनमुक्त बिस्किटं, आठवड्यातून दोनदा साबुदाणा. भाकरी मला थापता येत नाही.

*

तुमच्या प्रश्नांच्या क्रमानं उत्तर देत नाही, कारण शेवटचा प्रश्न सगळ्यांत घाईचा आहे. पाडव्याचा बेत तूर्त थांबवा. जिवाणूंसाठी नव्हे, मुलीच्या तपासणीसाठी.

सिलिअॅक घराण्यातून चालत येतो. सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं आणि मुलं यांच्यात, तो असण्याची शक्यता चारचौघांपेक्षा बरीच जास्त असते. ढोबळमानानं दहा-वीस जणांत एकाला. कित्येकदा पोट अजिबात दुखत नाही. तुमचं नाही का, चार वर्षं फक्त रक्तच कमी होत होतं? म्हणून मुलीची रक्ततपासणी व्हायला हवी: टीटीजी आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे ही प्रतिद्रव्यं ज्या गटातली तो सगळा गट. काही जणांच्या शरीरात आयजीएच कमी बनतं आणि मग टीटीजी खोटंच नॉर्मल दिसतं. ही तपासणी ती रोज पोळी खात असतानाच झाली पाहिजे. गहू बंद केला की रक्तातली प्रतिद्रव्यं उतरत जातात आणि काही महिन्यांनी केलेली तपासणी असलेला आजारही दाखवत नाही. मग खात्री करायला मुलीला पुन्हा आठवडेच्या आठवडे मुद्दाम गहू खायला घालावा लागतो. असं करावं लागलेली घरं मी पाहिली आहेत. मूल आणि आई दोघंही रडकुंडीला येतात. इंदूरला भाऊ-बहीण, आई-वडील असतील तर त्यांनाही आजच फोन करून सांगा. आणि मुलीचा अहवाल स्वच्छ आला तरी फाईल कायमची बंद करू नका. हा आजार पुढेही कधी डोकं वर काढू शकतो, म्हणून पुन्हा कधी तपासायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता जिवाणूंकडे येऊ.

तुम्ही वाचलंत ते कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. २००९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दहा निरोगी माणसांना महिनाभर ग्लुटेनमुक्त आहारावर ठेवलं. त्यांच्या शौचाच्या नमुन्यात बिफिडोबॅक्टेरियम आणि लॅक्टोबॅसिलस ही सहसा उपयोगी समजली जाणारी मंडळी कमी झाली आणि ई. कोलायचं कुटुंब वाढलं. बातम्या झाल्या त्या इतक्यावरच. त्याच अभ्यासात एक साधी नोंद होती, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही: त्या महिन्यात या लोकांच्या पोटात जाणारी पिष्टमय-तंतुमय कर्बोदकंही बरीच घटली होती. म्हणजे जिवाणूंचा शिधाच कापला गेला होता.

पुढे २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या २१ निरोगी माणसांवर असाच चार आठवड्यांचा प्रयोग झाला. जिवाणू थोडे बदलले, पण आहारानं पडलेला फरक माणसामाणसांतल्या मूळच्या फरकापुढे किरकोळ होता. २०१८ मध्ये डेन्मार्कमध्ये साठ निरोगी प्रौढांना आठ आठवडे कमी ग्लुटेनचा आहार दिला. बिफिडोबॅक्टेरियम तिथंही घटले, पण लोकांचं पोट फुगणं कमी झालं! संशोधकांनी त्याचं श्रेय ग्लुटेन जाण्याला दिलं नाही. गव्हातले तंतू जाऊन दुसऱ्या प्रकारचे तंतू आले, त्याचा हा परिणाम असावा असं त्यांनी मांडलं.

इथं तुमच्या प्रश्नामागचं एक गृहीतक जरा हलवून पाहू या. ‘ग्लुटेन गेलं म्हणून जिवाणू मेले’ असं तुम्ही धरून चालला आहात. ग्लुटेन हे प्रथिन आहे. मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू जगतात ते आपल्याला न पचलेल्या तंतूंवर. गव्हात असे मुख्यतः दोन तंतू असतात, फ्रुक्टन आणि अॅरॅबिनोझायलन. फ्रुक्टनचं गव्हातलं प्रमाण तसं थोडंच, पण आपण पोळ्या इतक्या खातो की थेंबे थेंबे तळं साचतं. तुम्ही पोळी बंद केलीत, त्यामागे डॉक्टरांचा हुकूम होता आणि तो बरोबरच होता. पण पोळीच्या गाडीत बसून तंतूही रोज येत होते. गाडी बंद केली तेव्हा त्यांच्यासाठी दुसरी सोय कुणीच केली नाही.

म्हणूनच तुमच्या पत्रातला मला सगळ्यांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे शेवटची, सहज जाता जाता लिहिलेली खाण्याची यादी. चला, हिशेब मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू दिले आहेत आणि शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. चार पोळ्यांना साधारण १२० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे १३ ग्रॅम तंतू. तेवढ्याच तांदळातून मिळतात साडेतीन. रोजचे जवळजवळ दहा ग्रॅम गेले, आणि दिवसाची गरज आहे तीस ग्रॅमच्या आसपास. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. पाकिटातला ग्लुटेनमुक्त ब्रेड आणि बिस्किटं बहुधा तांदळाच्या, बटाट्याच्या नाहीतर टॅपिओकाच्या पिष्टाची, आणि टॅपिओका म्हणजे साबुदाण्याचाच भाऊबंद. वर तूप-साखर जरा सढळ, कारण ग्लुटेनशिवाय चव आणि पोत जमवायला काहीतरी घालावंच लागतं. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ हे आरोग्याचं प्रशस्तिपत्र असल्यासारखं छापलेलं असतं. प्रत्यक्षात ते एवढंच सांगतं की आत ग्लुटेन नाही. आत काय आहे, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं.

दोन-दोन दिवस पोट साफ न होण्याचं अर्धंअधिक कोडं इथंच सुटतं, असं मला वाटतं. लोहाच्या गोळ्या अजून चालू असतील तर त्यांनीही शौचाला खडा होतो. आणि सिलिअॅकबरोबर थायरॉइडचा आजार वरचेवर आढळतो. टीएसएच वर्षभरात तपासलं नसेल तर पुढच्या भेटीत आठवण करा.

आणखी एक गोष्ट, तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून. सिलिअॅकमध्ये जिवाणूंचा समतोल आहार बदलण्याआधीच ढळलेला असतो. उपचार सुरू व्हायच्या आधीच्या रुग्णांतही बिफिडोबॅक्टेरियम कमी आणि नको ती मंडळी जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. साहजिक आहे. लहान आतड्याच्या अस्तरावरची बोटांसारखे उंचवटे झिजले, अन्न अर्धवट पचून पुढे गेलं, आत सूज राहिली, की तिथली वस्ती बदलणारच. ग्लुटेन बंद केल्यावर अस्तर भरत येतं आणि वस्तीही काही अंशी सावरते, पूर्ण नेहमीच नाही. हा आहार तुमच्या जिवाणूंचा शत्रू नाही. उलट त्यांना राहायला धड घर मिळावं म्हणून चाललेली ती डागडुजी आहे. फक्त डागडुजी चालू असताना घरातल्यांना जेवायलाही घालावं लागतं.

अस्तर भरायला किती वेळ लागतो? मुलांचं लवकर भरतं, मोठ्यांचं रेंगाळतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षांनी फक्त ३४ टक्के प्रौढांचं अस्तर पूर्ववत झालेलं होतं, पाच वर्षांनी ६६ टक्के. तुमचे चौदा महिने झालेत. मग टीटीजी किंचित वर असण्याचं एवढं काय? उतरत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण पाच महिन्यांपासूनचा त्रास आणि हे ‘किंचित वर’ एकत्र ठेवलं, की मला जिवाणूंच्या आधी दुसऱ्याच कुणाचा संशय येतो. तुमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीचा.

गहू सोडल्यावरही त्रास राहिला तर सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं कारण आहे नकळत पोटात जाणारं ग्लुटेन. गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. जात्यात, खोक्यात, खाली लावलेल्या कापडात, हवेत, सगळीकडे कणीक असते. ‘आधी मूठभर तांदूळ घालून गिरणी साफ करून देतो’ असं गिरणीवाले काका प्रेमानं म्हणतात, पण त्यानं भागत नाही. किती ग्लुटेन चालतं, याचा अंदाज २००७ च्या एका इटालियन अभ्यासातून येतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानं अस्तराला इजा झाली. एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा भाग! आपल्याकडचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियमही त्याच हिशेबाचा आहे: किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असलेल्या मालावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिता येत नाही. गिरणीतल्या पिठाला असला कुठलाच शिक्का नसतो.

मराठी स्वयंपाकघरातही गव्हाच्या लपायच्या जागा पुष्कळ. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू पडतात. मेतकुटात पडतात. सातू म्हणजे जव, आणि सातूच्या पिठात जोडीला बऱ्याचदा गहूही. सिलिअॅकला दोन्ही वर्ज्य, पण ‘पौष्टिक, थंड’ म्हणून उन्हाळ्यात हमखास कुणीतरी आग्रह करतं. रव्याची इडली, सोया सॉस, आमटी दाट व्हावी म्हणून लावलेलं पीठ. आणि हिंग. डबीतला बांधानी हिंग शुद्ध हिंग नसतो, त्यात मैदा नाहीतर तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. मी या विषयावर लोकांना सल्ले देत असताना माझ्याच घरच्या डबीवर ‘गव्हाचं पीठ’ छापलेलं निघालं होतं. सिलिअॅक असलेली मैत्रीण जेवायला यायच्या दिवशी मी ते वाचलं. आमटी आधीच झाली होती. ती पुन्हा केली, दुसरं काय!

सासूबाईंच्या आठवड्याच्या पोळीचं उत्तर यातच आलं. ती नको. सिलिअॅकमध्ये पोटाला गव्हाची ‘सवय’ होत नाही. ही प्रतिकारशक्तीची चूक आहे, आणि दर वेळी गहू दिसला की तीच चूक पुन्हा होते. जिवाणूंच्या बाजूनंही तो तोट्याचाच सौदा आहे. आठवड्यातून एका पोळीचे साडेतीन ग्रॅम तंतू मिळून त्यांची काय भूक भागणार? आतड्याला मात्र पूर्ण मार बसतो.

नणंदेचा सल्ला मायेपोटी आहे, पण दहा हजार राहू द्या. शौचाच्या नमुन्यात मोठ्या आतड्याच्या टोकाची वस्ती दिसते. सिलिअॅकचा घोळ असतो लहान आतड्याच्या सुरुवातीला, कित्येक फूट अलीकडे. शिवाय सिलिअॅक असलेल्या माणसाचे जिवाणू ‘नॉर्मल’ म्हणजे किती, याची सर्वमान्य पट्टी आज नाही. रंगीत आलेखांचा वीस पानी अहवाल येईल आणि शेवटी लिहिलेलं असेल: तंतुमय पदार्थ वाढवा. ते मी इथं फुकट सांगते आहे.

प्रोबायोटिकबद्दल मी इतकी ठाम नाही. इटलीत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कडक ग्लुटेनमुक्त आहार घेऊनही पोटाच्या तक्रारी राहिलेल्या १०९ सिलिअॅक रुग्णांना सहा आठवडे प्रोबायोटिक मिश्रण किंवा त्याच्यासारखी दिसणारी पोकळ पुडी दिली. मिश्रण घेणाऱ्यांच्या तक्रारी जास्त कमी झाल्या. आशादायक आहे. पण ते विशिष्ट मिश्रण होतं. दुकानातली कुठलीही कॅप्सूल तेच करेल असं त्यातून निघत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सिलिअॅकसाठी प्रोबायोटिक घ्या असंही म्हटलं नाही आणि घेऊ नका असंही नाही, पुरावाच पुरेसा नाही म्हणून. आणि एक गंमत, कडू गंमत: २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या खपाच्या २२ प्रोबायोटिकची तपासणी केली, तर १२ मध्ये ग्लुटेन सापडलं. बहुतेकांत मर्यादेच्या आतलं, काहींत मर्यादेबाहेरचं. म्हणून घ्यायचंच असेल तर आधी खालच्या गोष्टी दोन महिने करून पाहा. मग डॉक्टरांना विचारून, ग्लुटेनमुक्त लिहिलेलं एकच प्रोबायोटिक सहा आठवडे घ्या. फरक पडला नाही तर बंद करा. सहा महिन्यांच्या कॅप्सूल आणि ती तपासणी यांच्या पैशात एक घरघंटी येते, हेही लक्षात असू द्या.

घरघंटीचं मी मुद्दाम म्हणते आहे, कारण मला तुम्हाला न्यायचंय ते ज्वारीकडे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, बाजरीत आणि नाचणीत ११ च्या वर. दोन मध्यम भाकऱ्यांना शंभर ग्रॅम पीठ लागतं. हरवलेले दहा ग्रॅम तुम्हाला तिथंच परत मिळतात, आणि यांत ग्लुटेन मुळातच नाही. युरोपातल्या सिलिअॅक रुग्णाला हे धान्य महागड्या दुकानात शोधावं लागतं. तुम्ही बार्शीच्या सुनबाई आहात आणि पाकिटातला ब्रेड खाता आहात! रागावू नका, पण हे वाचताना मला हसू आणि हळहळ एकदमच आली.

मात्र सुटी ज्वारी दुकानात गव्हाच्या पोत्याशेजारीच असते आणि मापटंही तेच असतं. अखंड दाणे आणा, ताटात पसरून निवडा, गव्हाचे दाणे डोळ्यांना सहज दिसतात. धुऊन, कडक वाळवून घरच्या घंटीत दळा. त्या घंटीत गहू कधीही घालायचा नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. घरघंटी इतक्यात जमणार नसेल तर ग्लुटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेलं ज्वारी-नाचणीचं पीठ घ्या, किंवा थोडी नाचणी मिक्सरमध्ये दळून चाळून घ्या. पीठ ताजंच बरं. जुनं झालं की भाकरी थापताना कडेनं चिरते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे डाळी आणि कडधान्यं. तुमच्या वरणभातात भात किती आणि वरण किती? बहुतेक ताटांत वरण भात ओला करण्यापुरतंच असतं. ते प्रमाण उलटवा. शंभर ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीत १५ ग्रॅम तंतू असतात. मोड आलेली मटकी, चवळी, अख्खा मसूर, आठवड्यातून दोनदा पिठलं. बेसनही घरघंटीचं किंवा शिक्क्याचंच हवं, बाजारचं सुटं नको. पोह्यात मटार, गाजर, भरपूर कोथिंबीर आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा लाह्या. सालीसकट पेरू. कांदा-लसणात गव्हातलंच फ्रुक्टन असतं, त्यामुळे ते जिवाणूंना आवडतं, पण काहींचं पोट त्यानंच फुगतं. तुमचं फुगतं का, ते आठवडाभर लिहून बघा. भात गार झाला की त्यातल्या पिष्टाचा थोडा भाग न पचणारा होतो आणि जिवाणूंच्या वाट्याला जातो. फ्रिजमध्ये झाकून ठेवलेल्या भाताला दुसऱ्या दिवशी फोडणी घालायची आपली जुनी रीत त्या दृष्टीनं वाईट नाही, पण त्यावर फार मोठी आशाही ठेवू नका.

दही-ताक जरूर घ्या. त्यातले जिवाणू आतड्यात कायमचं बिऱ्हाड करतात असं नाही, पाहुण्यासारखे येऊन जातात, तरी पाहुणे बरे असतात. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडत असेल तर कदाचित अस्तर अजून पुरतं भरलेलं नसेल. दूध पचवणारं विकर त्याच उंचवट्यांच्या टोकावर तयार होतं. तसं असेल तर पुढे बहुधा जमतं. तोवर दही.

हे सगळं एकदम सुरू केलंत तर पोट आतापेक्षा दुप्पट फुगेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. उपाशी वस्तीत अचानक पंगत वाढली की गोंधळ होणारच. पहिल्या आठवड्यात फक्त दुपारी अर्धी भाकरी. मग एक. डाळ दर चार दिवसांनी एक डाव वाढवा. पाणीही वाढवा, नाहीतर तंतू आतच घट्ट होऊन बसतील. गिरणीचं पीठ मात्र हळूहळू नाही, आजच बंद.

दोन महिन्यांनीही फरक नसेल, किंवा तेव्हा टीटीजी पुन्हा चढलेलं दिसलं, तर डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: अजून कुठून तरी ग्लुटेन जातंय का, लहान आतड्यात जिवाणूंची नको तितकी वाढ झाली आहे का? सिलिअॅकनंतर रेंगाळणाऱ्या त्रासामागे तेही एक कारण असतं, आणि त्यावर उपचार आहे. फिनलंडमध्ये २०१४ मध्ये असं दिसलं होतं की वर्षानुवर्षं कडक पथ्य पाळून, अस्तर भरूनही ज्यांना त्रास राहतो, त्यांच्या लहान आतड्यातले जिवाणू त्रास नसलेल्या रुग्णांपेक्षा वेगळे असतात. जिवाणूंमुळे त्रास की त्रासामुळे जिवाणू, ते त्या अभ्यासातून ठरत नाही. पण तुमचा त्रास ‘मनाचे खेळ’ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. वजन उतरू लागलं, शौचातून रक्त गेलं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब लागले किंवा हिमोग्लोबिन परत खाली आलं, तर मात्र दोन महिने थांबू नका.

राहिला पाडवा. मुलीचं रक्त तपासून झालं, अहवाल हातात आला आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की खुशाल सगळं घर ग्लुटेनमुक्त करा. भाकरी, उसळ, भाजी, ताक असं ते जेवण असेल तर नवऱ्याच्या आणि मुलीच्या जिवाणूंचं काहीही बिघडणार नाही. पाकिटं आणि बिस्किटं आणून घर ग्लुटेनमुक्त करणार असाल, तर त्यांनी आपली पोळीच खावी. मधला मार्गही आहे: घरात शिजेल ते सगळं तुम्हाला चालणारं, आणि मुलीच्या शाळेच्या डब्याची पोळी वेगळ्या ओट्यावर, वेगळ्या पोळपाटावर, तुमचा स्वयंपाक झाकून ठेवल्यावर. बरीच घरं असंच करतात आणि निभतं.

सासूबाईंना पोळीबद्दल नाही म्हणताना त्याच दमात त्यांच्याकडून काहीतरी मागून घ्या. आपण सुचवलेलं सुनेनं धुडकावलं, एवढंच त्यांच्या वाट्याला यायला नको. ‘आई, पोळी मला बाधते, पण भाकरी थापायला शिकवा’ म्हणा. बार्शीच्या बाईला हे सांगणं म्हणजे नेकी और पूछ पूछ. ज्वारीला ग्लुटेनचा चिकटपणा नाही म्हणून पाणी किती कढत घ्यायचं, पीठ तळहातानं किती रगडायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी फिरवायचं, हे मी लिहून सांगण्यासारखं नाही. त्यांच्या हाताकडे बघूनच येईल. फक्त लाकडी काथवट आणि पोळपाट नवे आणा. जुन्यांच्या भेगांत वर्षांची कणीक बसलेली असते, ती धुऊन जात नाही. पहिल्या काही भाकऱ्या कडेनं चिरतील. त्या कुस्करून ताकात घालायच्या, वर थोडं मीठ आणि ठेचलेली लसूण.